इकडच्या स्वारीचं तिकीट

लंडनमध्ये वेम्बलीला शकूताई दिघ्यांचं स्वस्त विमान-तिकिटांचं दुकान होतं. एक बडी विमान कंपनी आपल्या न खपलेल्या सीटा त्यांना गुपचूप निम्म्या दरात देई. अट एकच, कंपनीचं नाव कुठं घ्यायचं नाही.

एकदा कंपनीचा पेम्बर्टनसाहेब नाक वर करून दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकांत गरजला, "असल्या फेरीवाल्यांशी आमच्या कंपनीचा काडीचा संबंध नाही!"

मुंबईचं तिकीट काढायला बसलेले खानोलकर आजोबा ताडकन उठले. "म्हणजे तिकीट खोटं?"

शकूताई पदर डोक्यावर ओढून लाजल्या. "संसार इकडच्या स्वारीशीच आहे हो, आजोबा. पण चारचौघांत नाव घ्यायची बंदी आहे!"

दुकानभर हशा उसळला. गिऱ्हाइकं टाळ्या पिटत ओरडली, "नाव घ्या, नाव घ्या!"

साहेब बावरला. "काय म्हणतायत हे?"

"तुमच्या कंपनीचं नाव विचारतायत. सांगू?"

"नको, नको!" साहेब किंचाळला. "निम्मा दर कळला तर पूर्ण पैसे मोजून आमच्या विमानात बसेल कोण?"

आजोबांनी पुन्हा खुर्चीत बसकण मारली.

"द्या तिकीट, ताई. नवरा अस्सल आहे!"