हाळी देणारे पंतोजी

कोंडदऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पणज्यानं सांगितलेली ही गोष्ट आहे. तेव्हा गावची शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. मुलं लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तिच्यात बोटानं अक्षरं काढायची. पंतोजी कुणाच्या दारात आले की त्या घरच्या पोरानं काहीतरी केलं, हे ठरलेलं. मग घरचे मारायचे. शाळेत पडलेला मार वेगळाच.

पुढे नागोपंत पंतोजी म्हणून आले. त्यांच्याकडे छडी नव्हती. पोरं दंगा करायची तेव्हा ते गप्प उभे राहायचे. एखादं पोर नीट वागलं की त्याचं नाव घेऊन काय नीट केलं ते सगळ्यांसमोर सांगायचे. गावाला वाटलं, माणूस दुबळा आहे.

सटवाजी लोहाराला तर ते पक्कंच वाटलं. त्याचा म्हसू शाळेतला सगळ्यात द्वाड. शेजाऱ्याच्या धूळपाटीला लाथ मारायची आणि त्याची अक्षरं उडवायची, हा त्याचा रोजचा उद्योग. एका संध्याकाळी सटवाजीला पंतोजींच्या खडावा ऐकू आल्या. त्यानं काही विचारलं नाही. काठी उचलली आणि म्हसूच्या पाठीत एक घातली. दुसरीसाठी हात वर केला, तोच नागोपंत दारात उभे.

"सटवाजी, आज म्हसूनं पाटीवर उगारलेला पाय खाली ठेवला. तेवढं सांगायला आलो."

सटवाजी गोंधळला. "लाथ मारली न्हाई, हे काय सांगायचं असतं व्हय, पंत?"

"फार अवघड असतं ते," पंत म्हणाले. त्यांनी म्हसूच्या पाठीकडे पाहिलं आणि मान खाली घालून परत गेले.

सटवाजीचा हात मात्र वरच राहिला, असं म्हणतात.

वैद्यानं तेल चोळलं. चौघांनी हाताला लोंबकळून पाहिलं. देवऋष्यानं लिंबू उतरवलं. हात काठीसकट वरच. भट्टी थंड पडली. लोहाराचा हात खाली येत नसेल तर घाव कसा बसणार? पेरणी तोंडावर आणि गावाचे फाळ बोथट. बायको सगुणा म्हणाली, "आता छपराला टेकू म्हणून तरी उभं ऱ्हावा."

तिसऱ्या दिवशी तो पंतांकडे गेला. पंत म्हणाले, "तुझ्या मुलाचं एक चांगलं सांग. पण खरं असावं, आणि तू स्वतः पाहिलेलं."

"बापाचं ऐकतंय त्ये," सटवाजी म्हणाला. हात वीतभर आणखी वर गेला, असं म्हणतात.

त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं. पोरगा आठ वर्षांचा झाला होता आणि बापाला एक गोष्ट सापडेना.

"मग बस, आणि बघ," पंत म्हणाले.

तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. पोरं खिदळली. म्हसूच्या शेजारचा ओरडला, "म्हश्या, तुझा बा बुजगावणं झाला की रं!"

म्हसूचे कान लाल झाले. पाय उठला. शेजाऱ्याच्या पाटीवर तो थरथरत राहिला. सटवाजी खांब सोडून पुढे झुकला. तीन दिवस आपल्याला जे जमलं नव्हतं, ते हे एवढंसं पोर करू बघत होतं.

म्हसूनं पाय खाली ठेवला. आपल्याच पाटीशेजारी.

"ठेवला!" सटवाजी ओरडला. "माझ्या म्हसूनं पाय खाली ठेवला!" ती आरोळी नदीपलीकडच्या रानात ऐकू गेली, असं म्हणतात. हात खाली आला आणि काठी ओसरीवर पडली.

माराशिवाय पोरं कशी सुधारतात, हे सटवाजीला मरेपर्यंत उमगलं नाही. पण म्हसूवर त्यानं पुन्हा हात उगारला नाही. चूक पंतांचीही होती. आपल्या खडावांचा आवाज घरात काय करतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून कुणाच्याही घरी निघाले की ते लोहाराच्या कोपऱ्यावरूनच हाळी द्यायचे, "चांगलं सांगायला येतोय हो!"

आजही कोंडदऱ्यात नवा मास्तर आला की गाव त्याला आधी ती हाळी शिकवतं. तक्रार शाळेतच मिटवायची, दारात फक्त चांगलं न्यायचं. आणि कोपऱ्यावर मास्तराच्या तोंडून नागोपंतांची हाळी उठली, की घरात ज्याच्या हातात जे असेल, पळी, कोयता, काहीही, ते तो आधी खाली ठेवतो. मग दार उघडतो.