थोरल्या मैनेने काय पाहिलं

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र मनापासून लिहिली आहे.

एका राज्यात पाळण्यावर मैनेचा पिंजरा टांगायची रीत होती. बारशाला बाळाच्या कानात आत्या बोलायची नाही, मैना बोलायची. मैना 'आळशी' म्हणाली, की त्या पोराच्या पाठीवर शेवाळ धरे. 'तापट' म्हणाली, की त्याच्या टाळूवर भाकरी भाजता येई. राजपुत्र शार्दूलाच्या कानात ती 'भित्रा' म्हणाली होती, म्हणून तो स्वतःच्या सावलीलाही वाट देत चाले.

साऱ्या मैनांना बुरुजावरची थोरली मैना शिकवी. ती बोलली, की घरोघरच्या मैना बोलत. मैना बोलल्या, की माणसं बोलत.

एके सकाळी ती म्हणाली, "नदीपलीकडची माणसं विषारी!"

नेमकी त्याच दिवशी राजाची बहीण पद्मसेना माहेरी आली. तिला नदीपलीकडेच दिली होती. येताना तिने बेसनाचे लाडू आणले होते. राजाने लाडू जमिनीत पुरायला लावले आणि हुकूम दिला, "सूर्य मावळायच्या आत हिला भिंतीत चिणा."

"दादा, अरे लहानपणी माझ्या ताटातलं पळवून खायचास," ती म्हणाली. "तेव्हा नाही काही झालं?"

"मैना सांगते आहे," राजा म्हणाला, आणि त्याने मान फिरवली.

शार्दूलाने मात्र पुरण्याआधीच एक लाडू तोंडात टाकला होता. पोट चाचपत तो वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही. उलट आणखी एक खावासा वाटला. तेव्हा त्याला प्रश्न पडला, थोरल्या मैनेला कोण शिकवतं? भीती होतीच, पण कुतूहल तिच्यापुढे चालू लागलं.

बुरुजाचं दार बोलकं होतं. ते म्हणालं, "कोणी न शिकवलेलं काही बोल."

"मी भित्रा आहे."

"शिकवलेलं!"

"मी राजपुत्र आहे."

"तेही!"

शार्दूल कावला. "तुला तरी लोकांना अडवायला कोणी शिकवलं?"

दार विचारात पडलं, आणि विचार करता करता उघडंच राहिलं.

जिन्यावर नाग बसला होता. "भीत नाहीस?"

"भितो. पण ही भीती माझी की मैनेची, ते कळत नाही."

"मग कसं कळणार?"

"वर जाऊन बघतो."

तो भिंतीला धरून पुढच्या पायरीवर चढला. नागालाही पुढचं पाहावंसं वाटलं. त्याने वेटोळं आवरून घेतलं.

वर मायावी कालकेतू बसला होता. सोन्याच्या पिंजऱ्यात थोरली मैना होती, आणि खोलीची एकुलती एक खिडकी बंद होती.

"पूर्वी मी हिला खरं शिकवायचो," कालकेतू म्हणाला. "जोंधळा चांगला आलाय, म्हणून सांगितलं, तर लोक पिंजऱ्यावर फडकं टाकून झोपायचे. 'विष' म्हटलं, की सगळं गाव अंगणात गोळा! आता तू हिला गप्प करून दाखव."

शार्दूल पिंजऱ्यापाशी गेला. हात जोडून म्हणाला, "मैनाबाई, तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

मैना गप्प झाली. तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्याने खांदा लावून खिडकी उघडली. मैनेने मान वाकडी केली आणि ती सावकाश म्हणाली, "नदीपलीकडे एक बाई पापड वाळत घालते आहे. एक म्हैस पाण्यात डुंबते आहे. विष कुठे दिसत नाही. ते मी कधी पाहिलंच नव्हतं."

घरोघरच्या मैना तेच बोलल्या. कालकेतू लहान लहान होत कुजबुजीएवढा झाला आणि उंबऱ्याखालच्या फटीतून निघून गेला. पोरांच्या पाठीवरचं शेवाळ गळून पडलं. तिकडे भिंत पद्मसेनेच्या गळ्यापर्यंत आली होती. राजाने ती स्वतःच्या हातांनी उकलली. नखं फुटली तरी तो थांबेना.

"पुरे, दादा," ती म्हणाली. "आधी पाणी दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूल नावेत बसून पलीकडे गेला. घाटावर एक म्हातारी कपडे धूत होती. त्याला पाहून ती चार हात मागे सरली.

"त्या काठचा ना रे तू? तुम्हां लोकांना शेपूट असतं म्हणे!"

"कोणी सांगितलं, आजी?"

"सगळेच सांगतात."

शार्दूल वळला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "जवळ या. तुम्हीच बघा."