मुठीने टाकलेलं खत

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरांचं एक गाव होतं. तिथला तांदूळ असा वासाचा, की एका घरी भात शिजला तर शेजारच्या चार घरांना भूक लागायची.

त्या गावात ठकूबाई आणि तिचा धाकटा दीर नागोजी राहत. दोघांची खाचरं बांधाला बांध लावून होती. बीसुद्धा दोघांनी एकाच कणगीतलं पेरलं होतं.

त्या वर्षी एक फिरता व्यापारी पांढऱ्या खताची पोती घेऊन आला. "चिमूटभर टाका, पीक बघता बघता वाढेल," तो म्हणाला.

नागोजीने विचार केला, चिमटीने एवढं होतं, तर मुठीने किती होईल. त्याने शेणखत वाहणं सोडलं आणि खाचरात मुठीमुठीने पांढरं खत फेकलं. ठकूबाईने मात्र नेहमीप्रमाणे कुजलेलं शेण आणि पालापाचोळा चिखलात तुडवला.

महिन्याभरात नागोजीचं भात कमरेला लागलं. तो बांधावरून हसून म्हणाला, "वहिनी, तुमचं भात अजून रांगतंय."

"रांगू दे, भावोजी. पाय घट्ट झाले की उठेल," ठकूबाई म्हणाली.

लोंब्या आल्या आणि एक दिवस वारा सुटला. नागोजीचं उंच, नाजूक भात आडवं झालं. तरी कापणीला त्याच्या अंगणात वहिनीपेक्षा दोन गाड्या जास्तच आल्या. तो खूश होता. लेकीचं, येसूचं लग्न तोंडावर आलं होतं. "पंगतीला माझाच तांदूळ," त्याने गावभर सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका कांडायला बसल्या. मुसळाचा घाव पडला की दाणा तुटायचा. वरून बरा दिसणारा तांदूळ पोटात खडूसारखा भुसभुशीत होता. सुपात पाखडलं, तर निम्म्याहून जास्त कणीच. उरलेला शिजवून पाहिला, तर त्याचा गोळा झाला, आणि वास कुठेच नव्हता.

नागोजी डोक्याला हात लावून बसला. "उद्या व्याह्यांना काय वाढू?"

ठकूबाईने घरून आपल्या तांदळाची पोती आणवली. कणीची तिने गूळ घालून खीर केली. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी भात तर मागून घेतलाच, खिरीचीही पातेली पुसून खाल्ली.

पाहुणे गेल्यावर नागोजी म्हणाला, "वहिनी, ते पांढरं खतच वाईट."

"वाईट कशाला? ते मिठासारखं आहे, भावोजी. तुम्ही पानात नुसतं मीठच वाढलंत. आधी मातीला पोटभर जेवू घाला, मग लागलं तर चिमूटभर मीठ."

नागोजीने ते मनावर घेतलं. त्याने गोठ्याशेजारी खड्डा खणला, शेणपाला कुजवला आणि खाचरात नेऊन घातला. पांढरं खत अगदी बेताने टाकलं. पहिल्या वर्षी थोडा फरक पडला, दुसऱ्या वर्षी बरा, आणि तिसऱ्या वर्षी लोंब्या दाण्यांनी वाकल्या.

त्या दिवाळीला येसू माहेरी आली. पहिला घास घेताच ती म्हणाली, "बाबा, तांदूळ काकूकडून आणलात ना?"

"नाही गं," नागोजी म्हणाला, "आपल्याच खाचरातला." आणि त्याने लेकीच्या पानात आणखी भात वाढला.

तात्पर्य: नुसत्या खताने रोप वाढतं, पण दाणा भरतो तो पोसलेल्या मातीतच.