सातव्या लाटेतली खोल जागा

त्या राज्यात समुद्र नव्हता. चारी दिशांना माळ होता आणि माळ संपला की पुन्हा माळच. पण समुद्राच्या गोष्टी सगळ्यांना येत होत्या, आणि गोष्ट येते पण जागा नाही हे फार दिवस सोसत नाही. म्हणून फार पूर्वी तिथल्या प्राण्यांनी मिळून एक समुद्र बांधला.

तो नीट बांधला होता. आत जाणारी वाट तीन वेळा वळवलेली होती, म्हणजे तिसऱ्या वळणानंतर मागे पाहिलं तरी माळ दिसत नसे. काठावरच्या वाळूखाली चुली होत्या, त्यामुळे वाळू पायाला गरम लागे. मिठाच्या ताटांवरून भात्याने वारा सोडलेला असे आणि ओठ खारट होत. पाणी म्हणजे निळ्या कापडाचे सात लांब पट्टे. प्रत्येक पट्ट्याखाली एक चर खणलेला होता आणि त्या चरातून ससे एकामागे एक धावत. त्यांच्या ताठ कानांवर कापड उचललं जाई आणि पुढे पुढे जाई. ती लाट. दोन पट्ट्यांच्या मधून पाहुणे हिंडत, गुडघ्याला कापड घासलं की ओरडत आणि पाय वर घेत.

सातवा पट्टा सगळ्यात मोठा. तिथे ज्यांचे कान सर्वांत लांब तेच धावत.

समुद्राचा कारभार एका म्हाताऱ्या घोरपडीकडे होता. तिला सगळे मावशी म्हणत. तिचे नियम दोनच. पहिला, कापडाखाली धावणाऱ्याने पुढच्या दरवाजातून कधी आत यायचं नाही. ज्याने लाट वरून पाहिली तो पुढे लाट कशी दिसेल याचा विचार करत धावतो, आणि विचार करत धावणाऱ्याची लाट लाकडासारखी होते. दुसरा, लाट थांबवायची नाही.

ससे हे नियम पाळत, कारण त्यांना एक भीती होती. वरच्यांना हा समुद्र खरा वाटतो, असं ते पिढ्यान् पिढ्या धरून चालले होते. एकदा जरी लाट चुकली तर वरच्यांना कळेल, आणि मग समुद्र संपेल. कुणी शिंकसुद्धा चरात मोकळी देत नसे.

सातव्या पट्ट्यात सर्वांत पुढे रावबा धावे आणि त्याच्या पाठीला लागून त्याचा धाकटा भाऊ गोमा. गोमाला धावणं रावबानेच शिकवलं होतं. "माझ्या शेपटीकडे बघ," तो सांगे, "बाकी जगात काही नाही असं समज." गोमा तसंच समजे.

भर दुपारी, समुद्र पाहुण्यांनी भरलेला असताना, रावबा चराच्या मध्यावर, वरच्या कापडाची दोरी बांधलेल्या खुंटीपाशी खाली बसला. छातीवर हात धरून बसला आणि कलंडला. गोमाच्या मागे पाच ससे भरधाव येत होते. लाट थांबवायची नाही. गोमाने उडी मारली. भावाच्या अंगावरून उडी मारली आणि धावत राहिला. मागच्या पाचांनीही उड्या मारल्या. चराच्या टोकाला पोचून तो उलटा फिरला आणि पळत आला, तेव्हा रावबाचे कान खाली पडलेले होते.

"मावशी, थांबव ना गं," गोमा म्हणाला. "एकदा थांबव. दादा गेला."

घोरपडीने चरात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "समुद्रात कुणी मरत नाही, पोरा. मागच्या वाटेने न्या त्याला."

रावबाला मागच्या वाटेने नेलं. वर कुणीतरी हसत होतं, ते खाली ऐकू येत होतं.

त्यानंतर गोमा सर्वांत पुढे धावू लागला. आता समोर शेपूट नव्हती. खुंटीपाशी आला की तो दर वेळी उडी मारी. तिथे काही नव्हतं, तरी पाय ठेववत नसे. मागचेही मारत. याबद्दल ते एकमेकांत बोलत नसत. लाट तिथे बिघडत असणार हे सगळ्यांना वाटे आणि सगळे मान खाली घालत.

गोमाला लाट बिघडल्याची काळजी नव्हती. त्याला एकच गोष्ट जाळत होती. दादा मेला त्या क्षणी वरचे हसत होते. त्यांना फसवलेलं होतं म्हणून ते हसत होते. त्यांना दाखवून द्यायचं की हे कापड आहे, आणि कापडाखाली कोण मेलं.

एके दिवशी सकाळी तो चरात उतरलाच नाही. माळावरून फेरी मारून तो पुढच्या दरवाजाशी आला. सातव्या पट्ट्याची सगळी ओढ मधल्या खुंटीच्या दोरीवर होती. ती एक कुरतडली की सातवी लाट सगळ्यांदेखत उघडी पडली असती. त्यासाठी त्याला दातांपलीकडे काही लागणार नव्हतं.

दरवाजात टिटवी बसली होती. ती प्रत्येकाला विचारी, "पोहता येतं का?"

"पोहायला पाणी कुठंय?" गोमा म्हणाला.

"नवीन दिसतोस," टिटवी म्हणाली. "काठाकाठानं जा. आणि सातव्यापाशी जपून, मध्ये खोल आहे."

गोमा तिच्याकडे पाहत राहिला. चराची खोली सगळीकडे सारखी होती, त्याने ती पायांनी मोजलेली होती. पण तो रागात होता आणि रागात प्रश्न टिकत नाही. तिन्ही वळणं त्याने धावतच पार केली.

सातव्या पट्ट्याशी गर्दी होती. गर्दीच्या मध्ये, खुंटीभोवती मात्र एक मोकळं वर्तुळ होतं. एक शेळी पिल्लाला घेऊन तिथवर आली आणि वळसा घालून गेली. दोन मोर आले, त्यांनीही वळसा घातला. कुणी कुणाला सांगत नव्हतं. गोमा सरळ त्या वर्तुळात शिरला, खुंटीपाशी बसला आणि दोरीला दात लावले.

"अगं बाई! बुडतंय कुणीतरी!" शेळी ओरडली.

"धरा, धरा त्याला!"

"हात दे रे! अरे, बघतोस काय, हात दे!"

कुणीही वर्तुळात पाय टाकला नाही. काठावर एक रेडा आडवा झाला, त्याची शेपटी मोराने धरली, आणि रेड्याने पुढचे पाय लांबवून गोमाच्या मानगुटीला धरलं. दोरी अर्धी तुटली होती. गोमाला कोरड्या जमिनीवरून फरफटत ओढून काढलं. त्याच्या घशात दोरीचे धागे गेले होते, त्याला ठसका लागला. कुणीतरी त्याच्या पाठीत थापट्या मारल्या.

"पाणी प्यालाय नाकातोंडाने," मोर म्हणाला. "पालथा करा."

"सोडा मला," गोमा ओरडला. "पाणी नाहीये इथं! कापड आहे हे! माझा दादा मेलाय इथं!"

शेळीने खांद्यावरचा पंचा काढला आणि ती त्याचं डोकं पुसायला लागली. आधी कान, मग तोंड.

"म्हणून तर खोल आहे, लेकरा," ती म्हणाली.

गोमाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी आम्ही इथंच होतो," शेळी पुसत म्हणाली. "लाट चांगली येत होती आणि इथं बसली. उठलीच नाही. मागून दुसरी आली आणि तिच्यावरून उडी मारून गेली. या पिल्लाला काही कळत नव्हतं, ते हसत होतं. मला बघवेना. मी घरी जाऊन यांना म्हटलं, त्या मागच्या लाटेला काय वाटलं असेल हो?"

"मग?" गोमाने विचारलं.

"हे म्हणाले, लाटेला थांबता येतं होय? ती थांबली असती तर मागच्या पाचजणी तिच्यावर आदळल्या असत्या." शेळीने पंचाची घडी बदलली. "दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर सगळेच इथून वळसा घालत होते. तेव्हापासून खोल आहे."

गोमा खाली बसला. पंचा त्याच्या हातात राहिला. तो त्याने तोंडावर दाबला आणि बराच वेळ तसाच धरला. कुणी त्याला घाई केली नाही. मोराने फक्त त्याच्या पाठीवरची थापटी चालू ठेवली, जणू अजून पाणी निघायचं बाकी होतं.

तेवढ्यात पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला कापड हललं. खाली पाचजण होते, पुढे धावणारा नसतानाही पाचजण निघाले होते. लाट येऊ लागली. गोमाने अर्ध्या दोरीकडे पाहिलं. तिच्यातले धागे एकेक करून सुटत होते. तो उठायला गेला, पण रेडा आधीच दोरीच्या टोकाशी जाऊन उभा होता. त्याने दोरीवर खूर ठेवला, सगळा भार त्यावर टाकला आणि दुसरीकडे बघू लागला, जसं काही तो तिथे वारा खायला उभा आहे.

लाट मध्यावर आली. खोल जागेपाशी तिने उडी घेतली. निळं कापड सूर्यासमोर उभं राहिलं, समुद्रातल्या कुठल्याही लाटेपेक्षा उंच. तिथे एकामागून एक पाच वेळा पाणी उसळलं आणि पुढे गेलं. पाहुणे श्वास रोखून त्याचीच वाट पाहत उभे होते, दर वेळी पाहत असावेत तसे. हे गोमाने कधी पाहिलेलं नव्हतं. खालून ते दिसत नाही.

"पाय वर घे रे," रेडा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "भिजशील."

गोमाने ओला पंचा खांद्यावर टाकला आणि पाय वर घेतले.