मोडलेल्या शब्दाची कहाणी

ऐक वचनाई माते, तुझी कहाणी. आटपाट पेठ होती. तिथं भिवरा नावाची साळीण होती. एके दिवशी धुरपा कुंभारीण आली. "बाई बाई, लेकीचं लग्न आहे. तिला नेसायला पिवळी अष्टपुत्री विणून दे." भिवरा बरं म्हणाली. विसार म्हणून दुभती शेळी घेतली.

मग राणीची दासी आली. "राणीला शेला हवा. तिप्पट मोल देईन." भिवरेला लोभ सुटला. मागावरून अष्टपुत्रीचा ताणा काढला, शेल्याचा चढवला. शेला विणून दिला, मोल घेतलं. धुरपेला निरोपही धाडला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरी जुनेर नेसून बसली. अष्टपुत्रीची वाट पाहता पाहता मुहूर्त टळला, वऱ्हाड उठून गेलं. धुरपा रडत आली. भिवरा म्हणाली, "रागावू नको. तुझी शेळी घेऊन जा." "शेळी परत देशील गं, मोडलेलं लग्न कशानं देशील?" असं म्हणून धुरपा तशीच गेली.

मग भिवरेला अन्न गोड लागेना. मागावर बसली, सूत तुटलं. सांधलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा तुटलं, तशी नदीवर जाऊन रडू लागली. तिथं वचनाई म्हातारीच्या रूपानं आली. "बाई, का रडतेस?" भिवरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माझा वसा घे." "तो कसा घ्यावा?" "श्रावणातल्या गुरुवारी समई लावावी. मग शब्द देताना तीन गोष्टी बोलाव्या. काय देईन, केव्हा देईन, नाही जमलं तर कसं भरून देईन. घेणारीनं आपली निकड सांगावी, देणारीनं ती मनात धरावी. अडचण आली तर लपवू नये."

भिवरेनं वसा घेतला. अष्टपुत्री विणली, धुरपेच्या दारी गेली. "कसं भरून देऊ, तूच सांग." धुरपा म्हणाली, "माझ्या लेकीला पांढऱ्या पायाची म्हणतात. वराकडे चल."

दोघी तीन कोस चालल्या. भिवरा वराच्या आईला म्हणाली, "पोरीचा काही दोष नाही, लोभ माझा होता. दोन्ही घरच्या मांडवाचा खर्च मी सोसते." त्या माउलीनं दोघींना बसायला पाट दिले. मग म्हणाली, "पोर मला तेव्हाही आवडली होती. रागाच्या भरात उठले, आणि परत यायची लाज वाटली."

दुसरा मुहूर्त धरला, लग्न लागलं. राणीचं मोल मांडवात गेलं, शेळी धुरपेकडे गेली. भिवरेच्या हाती काही उरलं नाही, पण त्या दिवशी ती पोटभर जेवली. पेठेतल्या बाया तिच्याकडे पुन्हा सूत आणू लागल्या.

भिवरेला वचनाई पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. दिला शब्द निभो, मोडलाच तर भरून द्यायचं बळ येवो. साठां बोलांची ही कहाणी पांचा बोलीं सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.