चिंबोरीचा शेजारी

खाडीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या चिखलात एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, राहायची. दांड्यांवरचे डोळे सारखे चहूकडे फिरवायची आणि स्वतः पाहिल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास ठेवायची नाही. शेजारी निवटा राहायचा, चिखलावर टुणटुण उडणारा मासा. तो "बगळा आला गं!" म्हणून ओरडला, की ही फणकारायची, "माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस? मी आत गेले की माझा खायचा शिंपला पळवशील!"

एक दिवस तिची कात टाकायची वेळ आली. जुनं कवच उतरलं आणि ती लोण्यासारखी मऊ होऊन बिळात पडली. शिंपला बाहेरच राहिला. तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी सावली पडली. चिंबोरीची पाचावर धारण बसली.

"मीच आहे गं," निवटा म्हणाला. "पड निवांत. बगळा दिसला की चिखल लोटून तुझं बीळ बुजवतो."

दुसरा इलाजच नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिने डोळे खोबणीत ओढून घेतले. मध्येच वर चिखल सरकला, अंधार झाला आणि बगळ्याची पावलं डोक्यावरून निघून गेली.

कवच टणक झाल्यावर ती बाहेर आली. निवटा तिथेच होता. डोळे तारवटलेले, पोट खपाटीला गेलेलं. शिंपला मात्र होता तिथेच होता.

चिंबोरीने तो त्याच्यापुढे सरकवला. "खा, भाऊ, आणि झोप. आता मी बघते."

"नक्की बघशील ना?" असं निवट्याने विचारलंसुद्धा नाही. खाता खाताच त्याचा डोळा लागला.