चिचुंद्रीचा फुकटचा बूट

एक होती चिचुंद्री. अंगाने एवढीशी, पण नाक हे लांब. ती कधी काही विकत घेत नसे. लोक टाकत, ती उचलत असे. तिचं घर म्हणजे उकिरड्यावरचा एक फाटका बूट. गादी म्हणजे उशीतून सांडलेला कापूस. आणि गादीवर तीन पिल्लं. चीं चीं चीं.

एकदा चिचुंद्री गेली झुरळं शोधायला. परत येते तर काय, बूट गायब!

झिपऱ्या कुत्र्याने तो भिंतीआड ओढून नेला होता. त्यावर डोकं ठेवून तो पसरला होता. आत पिल्लांना भूक लागली होती. चीं चीं चीं.

"झिपऱ्या, झिपऱ्या, बूट दे.
बुटात माझी पिल्लं, चीं चीं चीं."

झिपऱ्या म्हणाला, "टाकलेलंच आहे खरं. पण तू मागतेस, म्हणजे कामाचं असणार. फुकट नाही देणार. करपलेली भाकरी आण."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली यमुनाक्काकडे.

"यमुनाक्का, यमुनाक्का, करपलेली भाकरी द्या.
भाकरी मिळाली की बूट मिळेल.
बुटात माझी पिल्लं, चीं चीं चीं."

यमुनाक्का भाकरी फेकायलाच निघाली होती. ती थांबली. म्हणाली, "टाकलेलंच आहे खरं. पण तू मागतेस, म्हणजे कामाचं असणार. फुकट नाही देणार. चुलीला ढलप्या आण."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली सुताराकडे, दगडूमिस्त्रीकडे. लाकडाच्या ढलप्यांचा हा ढीग पडलेला.

"मिस्त्री, मिस्त्री, ढलप्या द्या.
ढलप्या मिळाल्या की भाकरी मिळेल.
भाकरी मिळाली की बूट मिळेल.
बुटात माझी पिल्लं, चीं चीं चीं."

मिस्त्री पटकन ढिगावर जाऊन बसला. म्हणाला, "टाकलेलंच आहे खरं. पण तू मागतेस, म्हणजे कामाचं असणार. फुकट नाही देणार. पॉलिश पुसायला चिंध्या आण."

तुरुतुरु तुरुतुरु, चिचुंद्री गेली शिंप्याकडे, हुसेनचाचांकडे.

"चाचा, चाचा, चिंध्या द्या.
चिंध्या मिळाल्या की ढलप्या मिळतील.
ढलप्या मिळाल्या की भाकरी मिळेल.
भाकरी मिळाली की बूट मिळेल.
बुटात माझी पिल्लं, चीं चीं चीं."

चाचांनी चिंध्या पायाने जवळ ओढल्या. म्हणाले, "टाकलेलंच आहे खरं. पण तू मागतेस, म्हणजे कामाचं असणार. फुकट नाही देणार. कपड्यांच्या पेटीत घालायला कडुलिंबाचा पाला आण."

चिचुंद्रीला रडू आलं. या सगळ्यांना झालंय तरी काय? कालपर्यंत हेच तर फेकत होते.

तुरुतुरु तुरुतुरु, ती गेली कडुलिंबाकडे.

"कडुलिंबा, कडुलिंबा, पाला दे.
पाला मिळाला की चिंध्या मिळतील.
चिंध्या मिळाल्या की ढलप्या मिळतील.
ढलप्या मिळाल्या की भाकरी मिळेल.
भाकरी मिळाली की बूट मिळेल.
बुटात माझी पिल्लं, चीं चीं चीं."

कडुलिंब हसला. सळसळ सळसळ.

"मी तर रोजच टाकतो," तो म्हणाला. "हवा तेवढा ने."

बस्स. त्याने काही मागितलंच नाही.

सर्र सर्र, पाला गेला, चिंध्या आल्या.
सर्र सर्र, चिंध्या गेल्या, ढलप्या आल्या.
सर्र सर्र, ढलप्या गेल्या, भाकरी आली.
कुडुम कुडुम, झिपऱ्याने भाकरी खाल्ली. बूट सोडला.

चिचुंद्री सुळ्ळकन आत. पिल्लं दूध प्यायली, चुप् चुप् चुप्.

झिपऱ्याने तोंड पाडलं. "आता मी कशावर डोकं ठेवू?"

"अरे वेड्या, बूट कधी एकटा असतो का? दुसरा उकिरड्यावरच पडलाय."

"मग मी तोच घेतला असता की."

"कुठला घेतोस? तुला माझाच हवा होता."

मग चिचुंद्री निघाली पुढे. तिची शेपटी पहिल्या पिल्लाने धरली. पहिल्याची दुसऱ्याने. दुसऱ्याची तिसऱ्याने. आणि तिसऱ्याच्या मागे नाक लावून झिपऱ्या.

तुरुतुरु तुरुतुरु, धप् धप्. वरात चालली दुसरा बूट आणायला. तोही फुकट.